तात्यांच्या वावरातला आठ

माझ्या लग्नाच्या आहेरात चार भिंतीवरची घड्याळं, जन्मात शिवून होणार नाहीत इतके शर्टपीस आणि दोन हेल्मेटं आली. घड्याळं कुणी दिली ते आता आठवत नाही. हेल्मेटं तात्यांनी दिली. मांडवात मानाचे फेटे बांधायचं चाललं होतं. माईकवरून तात्यांचं नाव पुकारलं, तर हे गृहस्थ डोक्यावरचं हेल्मेट तसंच ठेवून स्टेजवर चढले. फेटेवाला बिचारा कापड हातात धरून उभा. "ह्याच्यावरनंच बांध की," तात्या म्हणाले, आणि त्यानं खरंच बांधला! फोटो आहे माझ्याकडं. सगळ्या मांडवात सगळ्यात मोठा फेटा त्यांचा दिसतो.

मग त्यांनी पोत्यातून दोन हेल्मेटं काढली. एक नवऱ्याच्या हातात दिलं, एक माझ्या. माझी आई इंदापूरची, जरा नीटनेटक्या वागण्याची. तिला ते सहन होईना. "अहो, नवरीला हे काय?" ती म्हणाली. तात्या म्हणाले, "का वो? नवरीला डोकं न्हाय का?" आणि आमच्या दोघांकडं वळून, "मुंडावळ्या सुटल्या की ही बांधा." झालं, एवढाच आशीर्वाद. मला तर इतकं हसू आलं की मुंडावळ्या हलायला लागल्या आणि मागून सासूबाईंनी चिमटा काढला.

तात्या म्हणजे माझ्या सासरी, सणसरला, आमच्या बांधाला बांध लागून असलेले शेजारी. त्यांच्या आज्ज्यापर्यंत घरात मेंढरं होती, पुढं कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पण चाल तीच राहिली. मोटरसायकल चालवायचे तीसुद्धा कळपाच्या मागं चालल्यासारखी, घाई म्हणून नाही. हेल्मेट मात्र कायम. ग्रामसभेत हेल्मेट, पिठाच्या गिरणीत हेल्मेट, चिंचेखाली बसून चहा प्यायचे तेव्हासुद्धा फक्त काच वर. उतरायचं ते नरसिंहपूरच्या देवळाच्या पायरीला. झोपताना काढतात की नाही याबद्दल गावात दोन मतं होती. काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "काढत्यात. पण उशाला ठेवत्यात."

आणि ह्या माणसाकडं लायसन नव्हतं. सगळ्या पंचक्रोशीला ज्यानं लायसन मिळवून दिलं, त्याच्याकडं ते नव्हतं. मला आज सांगायचंय ते त्याचंच. पण आधी तो आठ डोळ्यांसमोर आणा.

रस्त्याकडंच्या काळ्या वावराचा अर्धा एकर तात्यांनी पडीक ठेवला होता. ज्या गावात लोक बांधाच्या वीतभर जागेसाठी भावाशी भांडतात, तिथं अर्धा एकर मोकळा! त्यावर पांढऱ्या फक्कीनं एक मोठा इंग्रजी आठ काढलेला. आरटीओच्या मैदानावर लायसनसाठी असाच आठ काढून दाखवावा लागतो, पाय जमिनीला न टेकता. त्या सरकारी आठाचं माप तात्यांनी एकदा पावलांनी घेतलं होतं, आणि घरी आल्यावर थोडं लहान केलं. का, विचारलं तर म्हणाले, "घरची परीक्षा कडकच पायजे. मंग भायेरची गोड लागती." शिकवायची फी म्हणजे फक्कीची एक पिशवी. पाऊस झाला की आठ पुसायचा, मग शिकणाऱ्यानंच तो पुन्हा ओढायचा.

मी बारामतीला एका दवाखान्यात अपघात विभागात नर्स आहे. लग्न होऊन आले तेव्हा एसटीची वेळ आणि ड्युटीची वेळ यांचं काही केल्या जमेना. नवऱ्याचं वायरमनचं काम, तो कधी कुठल्या खांबावर असेल त्याचा नेम नाही. म्हणून दुसऱ्याच महिन्यात सासूबाईंच्या डोळ्यादेखत फक्कीची पिशवी घेऊन तात्यांच्या वावरात गेले. पहिल्या दिवशी अकरा वेळा पाय टेकला. तात्या खाटेवर बसून मोजत होते. "सूनबाई, चाकाकडं काय बघतीस? ते काय पळून जातंय व्हय? जायचंय तिकडं बघ." आणि पाय टेकला रे टेकला की तिथूनच आरोळी, "टेकला! नापास!" असा राग यायचा! एकदा मी चिडून म्हणाले, "तात्या, जरासा लागला." ते म्हणाले, "जरासं असं काय नसतंय. येक तर टेकला, न्हाय तर न्हाय." महिन्याभरानं आरटीओत गेले, तर तिथला आठ मला सणसरच्या पटांगणाएवढा वाटला. साहेबांनी विचारलं, "सणसरच्या का?" म्हटलं, "कसं ओळखलंत?" म्हणे, "तिकडनं येतात ती सगळी हसत हसतच चालवतात."

तात्यांच्या गोठ्याची भिंत बघायला लोक लांबून यायचे. तिथं खिळ्यांना ओळीनं फुटकी हेल्मेटं टांगलेली. कुणाचं कपाळावर तडकलेलं, कुणाचं मागून दबलेलं. प्रत्येकाखाली ऑइलपेंटनं लिहिलेलं, कोण पडलं आणि काय मोडलं. "गुडगा." "दोन दात." एकाखाली नुसतंच "अब्रू." तो शेणावरून घसरून सासरच्या दारात पडला होता. आणि त्या हेल्मेटांत कोंबड्या बसायच्या. आतलं गादीसारखं अस्तर त्यांना इतकं पसंत पडलं होतं की काकींनी घातलेल्या खुराड्यात एक जात नव्हती. रोज सकाळी काकींचे धाकटे भाऊ हेल्मेटा-हेल्मेटांतून हात घालत अंडी गोळा करायचे. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो.

मामा बोलत नाहीत. म्हणजे मुके नाहीत, सगळं कळतं, गाईंच्या धारा काढतात, पण शब्द ओठापर्यंत येतो आणि अडतो. एकेका शब्दाला आपण थांबायचं, घाई करायची नाही, हे आमच्या आळीत लहान पोरालाही माहीत आहे. पंधरा वर्षांपूर्वी बारामतीच्या बाजारातून येताना ते तात्यांच्या मागं बसले होते. काटेवाडीच्या पुढं कुत्रं आडवं आलं. गाडी जोरात नव्हतीच. तात्यांना ओरखडा नाही. मामा मागच्या मागं पडले, डोक्यावर काही नव्हतं. बाकी अंग धडधाकट राहिलं, शब्द गेले.

त्या दिवसापासून तात्यांच्या गाडीवर मागं कुणी बसलं नाही. मागच्या सीटवर त्यांनी दुधाचं कॅन तारेनं आवळून बांधून टाकलं. भरलेलं असो, रिकामं असो, ते सुटायचं नाही. काकींनासुद्धा एसटीनंच जावं लागायचं आणि त्या वाटेभर त्या कॅनला शिव्या घालायच्या.

आमच्या ह्यांनी ते आहेरातलं हेल्मेट वर्षभर कपाटावर ठेवलं होतं. म्हणे केस खराब होतात. केस कुठले, टक्कल पडायला लागलं होतं! तात्यांनी मग भांडण नाही केलं. रोज सकाळी आमच्या फाटकापाशी गाडी आडवी लावून उभे राहायचे. हे हेल्मेट घालून आले की गाडी बाजूला. "मी तुमच्या पाया पडतो, तात्या, उशीर होतोय," हे म्हणायचे. "पाया नको पडूस, डोक्याचं बघ," तात्या म्हणायचे. चाळीस दिवस हे चाललं. मग सवय लागली.

पुढच्या गळीत हंगामात एका संध्याकाळी उसाचा ट्रेलर रस्त्याकडेला उभा, मागं लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, आणि आमचे हे त्यावर. मी ड्युटीवरच होते. अपघात विभागात काम करून मी एक शिकलेय, बोंबलत येणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही, गप्प येणाऱ्याची वाटते. स्ट्रेचर आत आलं आणि नवरा आहे हे कळायच्या आधी मला त्याचा आवाज ऐकू आला. "माझी गाडी कुठाय? अरे, गाडी कुठाय माझी?" माझ्या हातातून ट्रे पडला आणि मी रडायलाच लागले, आनंदानं! गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बाकी काही नाही. हेल्मेट कपाळापासून मागंपर्यंत चिरलं होतं.

तासाभरात तात्या आले. पेशंटकडं नजर टाकली, म्हणाले, "बोलतोय न्हवं? मंग झालं," आणि ते हेल्मेट काखेत मारून घेऊन गेले. आठवड्यानं जाऊन बघते तर भिंतीला टांगलेलं, खाली लिहिलेलं, "हाड गेलं, डोकं हाय." आणि आत तांबडी कोंबडी. मामांनी पहिलं अंडं माझ्या हातावर ठेवलं. त्यांच्याकडं बघितलं आणि मला समजलं की ह्या माणसाच्या डोक्यावर त्या दिवशी एवढंसं काही असतं तर! तात्यांनाही ते रोज समजत असणार, रोज सकाळी.

तर लायसनचं. काटेवाडीच्या चार-पाच बाया शिकायला यायला लागल्या होत्या. त्यातल्या एकीचे सासरे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, एक दिवस बरोबर आले आणि सरळ विचारलं, "मास्तर, तुमचं लायसन बघू." एरवी तात्यांनी त्या माणसाला बांधाबाहेर घालवलं असतं. पण ते खाटेवरून उठले. मग म्हणाले, "न्हाय माज्याकडं." बाया आपापल्या गाड्या घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ड्युटीला निघाले तर तात्या ट्रॅक्टरला नांगर जोडून आठाच्या तोंडाशी! बांधावर उसाच्या बेण्याची मोळी टाकलेली.

मी गाडी लावली आणि युनिफॉर्मवरच ट्रॅक्टरपुढं जाऊन उभी राहिले. माझी नणंद तेव्हा आठ शिकत होती, तिची परीक्षा व्हायची होती. शिवाय माझा स्वभावच तसा.

"बाजूला सर, सूनबाई. आठ मोडायचा. ऊस लावायचा."

"का म्हणून? एक कार्ड नाही म्हणून? मग काढा की कार्ड!"

त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. हेल्मेटाची काच वर केली. "पाव्हण्याला पाडलं मी," ते गोठ्यातल्या मामांकडं बघत म्हणाले. "गाडी माज्या हातात हुती. तवा बी लायसन न्हवतं. आता कोणत्या तोंडानं मागू?"

मी रागावलेच. "म्हणजे सगळ्या तालुक्याला पडू नका म्हणून शिकवायचं आणि स्वतः परीक्षेला घाबरायचं?"

ते ट्रॅक्टरवरून खाली उतरले. मग हळूच म्हणाले, "त्येला बी भितोय. तिसरीत साळा सोडली मी. तितं कंप्यूटरवर पेपर असतोय म्हनं."

अस्सं! एक दुखणं खरं होतं आणि दुसरं त्याच्या मागं लपून बसलं होतं. "पेपरचं मी बघते," मी म्हणाले. तात्यांनी अट घातली, आडसाली, म्हणजे पावसाळ्यातल्या उसाच्या लागणीपर्यंत वाट बघायची. तोवर लायसन आलं तर आठ राहील, नाही आलं तर नांगर. हातात चार महिने होते.

मग गोठ्यात शाळा भरली. मी रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणून हेल्मेटांच्या ओळीखाली लावला. घसरड्या रस्त्याची खूण दाखवली, तात्या म्हणाले, "पिऊन आलेली गाडी." पुढं शाळा आहे ही खूण दाखवली, म्हणाले, "दोन पोरं साळा बुडवून चालली." हॉर्न वाजवू नये याला म्हणाले, "बँडवाल्याला बंदी." मी कपाळाला हात लावायचे आणि मामा खाटेवर लोळून हसायचे. गंमत म्हणजे मामांना सगळ्या खुणा येत होत्या. शब्द निघायचा नाही, पण हातानं बरोबर करून दाखवायचे, घसरणं, वळणं, थांबणं. तात्यांना त्यांनीच शिकवलं म्हणा ना. मी ड्युटीवरून यायचे तर गोठ्यात दोघं समोरासमोर, एक हातवारे करतोय, दुसरा उत्तर सांगतोय, आणि वरून कोंबड्या बघतायत.

वय झालेलं म्हणून डॉक्टरचा दाखला लागला. आमच्या डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तात्या म्हणाले, "इंग्रजी येत न्हाय. पर त्या तिकडं, टाकीवर, कावळा बसलाय, त्येचा येक पाय वर हाय." डॉक्टर खिडकीशी गेले, चष्मा पुसला आणि सही केली.

कंप्यूटरच्या पेपरात प्रश्न आला की घड्याळ उलटं पळायला लागतं. तात्या अक्षर अक्षर लावून वाचणारे. बाहेर मी नखं खात उभी. बाहेर आले ते घामानं भिजून. "बँडवाला आला हुता," म्हणाले. "वळखला." पास! शिकाऊ लायसन मिळालं आणि तालुक्याच्या गुरूच्या गाडीवर लाल एल आला. तो त्यांनी मेंढरांवर खूण करायच्या लाल रंगानं काढला. गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. तात्या म्हणायचे, "हसा. मी शिकतोय."

पक्क्या लायसनच्या परीक्षेला तात्या, माझी नणंद आणि परत यायला लागलेल्या काटेवाडीच्या बाया, सगळे एकाच दिवशी बारामतीला. बाया एकामागून एक पास झाल्या. तात्यांची पाळी आली. गाडी आठात शिरली, पहिलं वळण असं घेतलं की साहेबसुद्धा कौतुकानं बघत राहिले. तेवढ्यात मैदानाच्या कडेनं कुणाची तरी मेंढरं आत घुसली आणि पसरली. दुसऱ्या कुणीही हॉर्न वाजवला असता. तात्यांनी आठाच्या बरोबर मधोमध गाडी थांबवली, स्टँडला लावली, उतरले आणि जिभेनं टकटक करून, हात पसरून, सगळा कळप गोळा करून पलीकडं लावून दिला. पिढ्यांची सवय ती, डोक्याला विचारायला थांबली नाही. मागून पळत आलेली मेंढरंवाली बाई म्हणाली, "कुठल्या वाड्याचं म्हनायचं तुमी?" आणि तात्या फुलून तिला आज्ज्याचा मेंढरांचा वाडा, कूळ सांगत बसले.

"आजोबा," साहेब म्हणाले, "पाय टेकला."

आम्ही सगळ्या बाया साहेबांवर तुटून पडणार होतो. तात्यांनी हात वर केला. "गप ऱ्हावा गं. टेकला म्हंजे टेकला. नापास." परत येताना पास झालेल्या बाया पुढं आणि सगळ्यांच्या मागं लाल एल लावलेले तात्या, अशी आमची मिरवणूक निघाली. पण मला त्या दिवशी मनातून धास्ती वाटली. वावरात बेण्याची नवी मोळी येऊन पडली होती, लागण दहा दिवसांवर आली होती. आणि पुढच्या खेपेला हा माणूस गेलाच नाही तर?

गेले. आठव्या दिवशी गेले. मेंढरं आली नाहीत. पाय टेकला नाही. ती मोळी त्याच संध्याकाळी गाईंनी खाल्ली.

पोस्टानं कार्ड आलं तेव्हा तात्यांनी ते देवापुढं ठेवलं नाही, खिशात घातलं आणि तडक बारामतीला गेले. पोलिसानं अडवावं आणि लायसन मागावं एवढी एकच इच्छा. पण डोक्यावर हेल्मेट, गाडी हळू, हात दाखवून वळणारा म्हातारा, त्याला कशाला कोण अडवेल? तीन दिवस चौकात हेलपाटे घातले. एका पोलिसानं तर सलाम केला. तोंड पाडून परत आले. मी म्हटलं, "तात्या, सोपं आहे. हेल्मेट काढून जा, लगेच अडवतील." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जीभच चावली.

मग ते उठले, पक्कड घेऊन आले आणि गाडीच्या मागच्या सीटवरची तार सोडायला लागले. तार गंजून सीटमध्ये रुतली होती. काकी चुलीपाशी होत्या त्या बाहेर आल्या. कॅन खाली ठेवलं तेव्हा त्याच्याखाली सीट अजून नवीकोरी होती. तात्यांनी गोठ्यातून एक नवं हेल्मेट आणलं, मामांच्या डोक्यावर घातलं, हनुवटीखालचा पट्टा दोनदा ओढून बघितला. खिशातून लायसन काढून मामांच्या डोळ्यांसमोर धरलं. "पाव्हणं, बगा. आता हाय माज्याकडं. बसताय का?"

मामांनी कार्ड बघितलं. फोटोवर बोट फिरवलं. मग पाय टाकून मागं बसले आणि तात्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरला. काकींनी तोंडाला पदर लावला. गाडी रस्त्याला गेली नाही, वावरात गेली, आठावर. पहिलं वळण, मधली गाठ, दुसरं वळण. आम्ही बांधावर उभ्या. इतका हळू आणि इतका गोल आठ मी त्या वावरात कधी बघितला नव्हता.

एक फेरा झाला. तात्यांनी पाय टेकला. काच वर करून मान मागं वळवली आणि विचारलं, "भ्या वाटलं का, पाव्हणं? उतरताय?"

मामांचे ओठ हलले. शब्द येतोय हे आम्हाला कळलं, आणि आम्ही थांबलो. काकी थांबल्या, मी थांबले, गाडी तेवढी धडधडत होती.

"दाजी," मामा म्हणाले. मग पुन्हा अडले. मग आलाच तो शब्द, "आ... आणिक."

तात्यांनी पाय उचलला.